माकडतापामागची माणसं : संसर्गजन्य रोगांच्या संशोधनात यायचं असेल तर

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली आणि जंगलालगतच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. पहिली शंका आली ती पीतज्वराची, कारण दक्षिण अमेरिकेत हा रोग जंगलात फिरू लागला की आधी माकडं मरतात, हे माहीत होतं. भारतात पीतज्वर नव्हता. तो शिरला असेल तर संकट मोठं होतं. पुण्याची तुकडी जंगलात गेली, मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने घेऊन आली आणि त्यांतून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा निघाला नाही. रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं होतं. मग जंगलातल्या गोचिडी गोळा करून तपासण्याचं किचकट काम सुरू झालं आणि या तापाचा मार्ग उलगडला.

तोच ताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. त्याच सुमारास गोव्यातल्या सत्तरीतही तो होता. कोकणात त्याला ‘माकडताप’ म्हणतात. काजूचा हंगाम आणि गोचिडींच्या पिल्लांचा हंगाम नेमका एकच, म्हणून बागेत राबणाऱ्या बायामाणसांना त्याची झळ अधिक बसते. अशा वेळी काय काय घडतं ते बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला हे ताप नेहमीचे नाहीत हे जाणवावं लागतं. मेलेल्या माकडाची खबर वनखात्याकडून आणि पशुवैद्यकाकडून यावी लागते. कीटकशास्त्राची माणसं पांढरं फडकं जमिनीवरून ओढत नेऊन त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजतात, त्यांची जात ओळखतात. रक्ताचे नमुने थंड पेटीतून पुण्याला जातात. कोणत्या गावात, कोणत्या आठवड्यात, कोणत्या कामावरच्या माणसांना ताप आला याचा तक्ता साथरोगतज्ज्ञ मांडतो. एवढं सगळं जुळलं तरच आशाताई घरोघरी जाऊन नेमकं काय सांगायचं ते सांगू शकते.

ही हकीकत आधी मांडली, कारण ‘संसर्गजन्य रोगांचा संशोधक व्हायला कोणती डिग्री घेऊ?’ असा प्रश्न विद्यार्थी आणि त्यांचे पालक विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कोटातलं, सूक्ष्मदर्शकावर वाकलेलं एकच माणूस असतं. प्रत्यक्षात हे काम पाच-सहा वेगवेगळ्या विद्याशाखांतल्या लोकांचं आहे आणि त्यांतल्या कुणाला वगळून चालत नाही. म्हणून पदवीचा विचार नंतर करा. दिवसाचे आठ-दहा तास तुम्हाला कुठे काढायला आवडतील, ते आधी ठरवा : रुग्णाच्या खाटेशी, प्रयोगशाळेच्या टेबलाशी, रानात आणि गोठ्यात, की आकड्यांसमोर? हे उत्तर प्रामाणिक असलं की पुढची वाट आपोआप अरुंद होते.

रुग्णाशी बोलल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी डॉक्टर व्हावं. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षांचं एम.डी. हे एम.डी. मेडिसिनमध्ये करता येतं, बालरोगात करता येतं, सूक्ष्मजीवशास्त्रात करता येतं, आणि साथींच्या अभ्यासाची ओढ असेल तर ज्याला आपण पीएसएम म्हणतो त्या सामाजिक वैद्यकशास्त्रातही करता येतं. त्यापुढे संसर्गजन्य रोगांतलं तीन वर्षांचं डी.एम. आहे, दिल्लीचं एम्स, वेल्लोरचं सीएमसी, चंडीगडचं पीजीआय अशा मोजक्या ठिकाणी ते होतं आणि जागा फार कमी असतात. माझं मत असं, की डी.एम. मिळालं नाही म्हणून संशोधनाचं दार बंद झालं असं समजू नये. आपल्याकडच्या खाटेशी जन्मलेल्या चांगल्या संशोधनापैकी बरंचसं अशा पदवीशिवाय झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं, त्याने बालमृत्यू कमी होतात हे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मधून दाखवून दिलं. १९९९ मध्ये त्यांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी होणाऱ्या देखभालीचा निष्कर्ष मांडला; त्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांवर गावातच उपचार होते आणि नवजात मृत्युदर ६० टक्क्यांहून अधिक घटला होता. ज्या गावांत बाळं मरत होती तिथेच ते राहत होते, म्हणून योग्य प्रश्न त्यांच्या हाती लागला.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप नावाची योजना आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, सोबत कॉलेजमधला मार्गदर्शक आणि शेवटी अहवाल. ती नक्की करा, पण ‘डेंग्यूचा अभ्यास’ असला भला थोरला विषय घेऊ नका. असा प्रश्न घ्या : आपल्या रुग्णालयात तापाचे रुग्ण आजाराच्या कितव्या दिवशी येतात, आणि त्या दिवसाला साजेशीच डेंग्यूची चाचणी मागवली जाते का? पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ ही चाचणी उपयोगी असते, त्यानंतर आयजीएम. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी मागवली तर अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि डेंग्यू असलेला माणूस घरी जातो. या प्रश्नासाठी महागडं यंत्र लागत नाही, केसपेपर नीट वाचावे लागतात. दोन महिन्यांत उत्तर मिळतं आणि त्या उत्तराने रुग्णालयाची पद्धत सुधारू शकते. संशोधनाची चव याहून चांगल्या तऱ्हेने कशी घेता येईल, मला सुचत नाही.

नीटमधून मेडिकलला जागा मिळाली नाही, म्हणून बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळलेले अनेक जण स्वतःला दुय्यम समजतात. हा गैरसमज मनातून काढून टाका. विषाणूची जनुकीय रचना वाचणारे, लशीचे उमेदवार तपासणारे, औषधाला न जुमानणारा क्षयाचा जंतू का जुमानत नाही हे शोधणारे बहुतेक लोक एमबीबीएस नसतात. बी.एस्सी., मग एम.एस्सी. आणि त्यानंतर पीएच.डी. हा त्यांचा मार्ग. पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर किंवा डीबीटीची जेआरएफ, नाहीतर गेट. यांच्या तारखा आणि नियम बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. काम करायला जागा आपल्या राज्यात भरपूर आहेत : पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, म्हणजे क्यासनूरला गेलेलं तेच व्हायरस रिसर्च सेंटर, भोसरीची एड्स संशोधनातून उभी राहिलेली आयसीएमआरची संस्था, एनसीसीएस आणि आयसर, मुंबईत परळचं हाफकिन आणि वरळीचं फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विषाणू निदान प्रयोगशाळा, ज्यांना सगळे व्हीआरडीएल म्हणतात, त्याही नवख्या माणसाला उत्तम शाळा आहेत. तिथे रोज खऱ्या रुग्णांचे नमुने येतात, आणि साथीच्या दिवसांत हात किती अचूक चालतो याची परीक्षा होते.

एम.एस्सी.च्या मुलांना एक आग्रहाने सांगावंसं वाटतं. जीन एडिटिंगवर तासभर बोलता येतं, पण थुंकीच्या स्मिअरमधला क्षयाचा जंतू ओळखता येत नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. पिपेट अचूक धरणं, जंतूंची शुद्ध वाढ करणं, प्रत्येक प्रयोगात कंट्रोल ठेवणं, वहीत तारीख, लॉट नंबर आणि फसलेला प्रयोगसुद्धा लिहिणं, या पायाभूत गोष्टींवर पुढचं सगळं उभं राहतं.

आता ज्या दोन वाटांकडे आपली मुलं फारशी बघत नाहीत त्यांच्याबद्दल. पहिली पशुवैद्यकाची. माकडताप, रेबीज, लेप्टो, ब्रुसेला, बर्ड फ्लू, निपाह : माणसाला होणारे हे सगळे आजार प्राण्यांकडून आलेले. गोठ्यात काय चाललंय हे कळल्याशिवाय दवाखान्यात काय येणार हे कळत नाही. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणारे बहुतेक जण सरकारी नोकरी किंवा खासगी व्यवसाय धरतात. सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्यात एम.व्ही.एस्सी. करून संशोधनात येणाऱ्याला मात्र फार मोठं मैदान मोकळं आहे. दुसरी वाट कीटकशास्त्राची. डास, गोचीड, चिगर, पिसू यांच्या जाती हाताने ओळखू शकणारी जाणती माणसं निवृत्त होत आहेत आणि त्यांची जागा घ्यायला नवी माणसं थोडी आहेत. प्राणिशास्त्राच्या पदवीधरांसाठी पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले, तेव्हा हा ताप चिगरच्या चाव्यातून येतो, चाव्याच्या जागी काळी खपली दिसू शकते आणि स्वस्तातल्या डॉक्सीसायक्लिनने तो बरा होतो, हे माहीत असणारे लोक किती मोलाचे असतात ते दिसलं.

आकड्यांत रमणाऱ्यांची गरज तर सगळ्यांनाच असते. संख्याशास्त्राचा एम.एस्सी., चेन्नईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीतला एम.पी.एच., किंवा जीवशास्त्र शिकलेला संगणकवाला, यांपैकी कुणीही इथे येऊ शकतो. कोविडच्या काळात विदर्भातल्या नमुन्यांमध्ये विषाणूचं बदललेलं रूप दिसलं ते जनुकक्रम वाचणाऱ्या आणि त्यातून अर्थ काढणाऱ्या लोकांमुळे. डॉक्टर असा की सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, ‘आर’ किंवा ‘पायथन’ यांपैकी एक भाषा आणि बायोस्टॅटचं मूलभूत ज्ञान हवंच. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे धावणारे पुष्कळ असतात. नमुने किती घ्यायचे हे आधीच विचारलं असतं तर त्यांची वर्षं वाचली असती.

एवढ्या सगळ्या निवडींत सगळ्यांत जपून करायची निवड पीएच.डी.च्या गाइडची. संस्थेचं नाव मोठं आहे म्हणून जाऊ नका. गाइडची गेल्या पाच वर्षांतली संशोधनं वाचा आणि त्यांत पहिलं नाव विद्यार्थ्यांचं आहे का ते बघा. आधीच्या विद्यार्थ्यांना एकट्याने भेटा, गाइडच्या देखत नव्हे. त्यांना विचारा : पदवी किती वर्षांत मिळाली? प्रयोग फसला की गाइड काय म्हणतात? आजारपणाला, लग्नाला, बाळंतपणाला सुट्टी मिळते का? नमुने कुठून येतात आणि रुग्णालयाशी संबंध कसे आहेत? संसर्गजन्य रोगांत शेवटचा प्रश्न निर्णायक असतो. उत्तम प्रयोगशाळा आहे पण नमुनेच येत नाहीत, अशा ठिकाणी दोन-दोन वर्षं वाया गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी : रात्री उशिरा प्रयोगशाळेतून घरी किंवा वसतिगृहात जायची सोय काय आहे? हा प्रश्न विचारायला लाजू नका. विचारल्यावर कपाळाला आठ्या घालणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

सुरक्षेचा विषय घाईने उरकण्यासारखा नाही. जंतू किती घातक आहे त्यावरून प्रयोगशाळांचे बीएसएल-१ ते बीएसएल-४ असे स्तर ठरलेले असतात. क्षयाच्या जंतूची वाढ करायची तर साधारणपणे बीएसएल-३ लागते. माकडताप आणि निपाहसारख्या विषाणूंसाठी पुण्यात बीएसएल-४ आहे. माकडतापाच्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या लोकांनाच लागण झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा हेपॅटायटिस-बीची लस घेतल्याशिवाय रक्ताच्या नमुन्यांना हात लावू नका. सुई टोचली तर त्या क्षणी कुणाला फोन करायचा हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. टोचलं हे लपवण्यात शौर्य नाही.

परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे, त्या हाफकिन यांची एक घटना या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट सगळे सांगतात. दुसरी सांगत नाहीत. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचं काम थांबलं. दोष लशीचा नव्हता. गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण १९ जीव परत आले नाहीत. निर्जंतुकीकरणाचे नियम कंटाळवाणे वाटू लागले की मुल्कोवाल आठवावं.

रुग्णांवर कोणताही अभ्यास करण्याआधी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, औषध-लशींची चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद लागते आणि प्रत्येक सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती लागते. यातली संमती कागदावरची सही होऊन बसते, ही आपल्याकडची दुखरी गोष्ट आहे. संमतीपत्रकाचं मराठी अनेकदा असं जड असतं, की ते लिहिणाऱ्यालाही मोठ्याने वाचवत नाही. ‘यादृच्छिकीकरण’ लिहून काय साधणार? ‘तुम्हाला जुनं औषध मिळेल की नवं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, ते डॉक्टरच्या हातात नसेल’ असं लिहा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया-गोंडी, खानदेशात अहिराणी : माणूस ज्या भाषेत घरी बोलतो त्या भाषेत त्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळतील हा विश्वास वाटला पाहिजे. गावाकडून आलेल्या मुलांना इंग्रजीचा न्यूनगंड असतो. त्यांनी इंग्रजी जरूर पक्कं करावं, शोधनिबंध त्याच भाषेत लिहायचे आहेत. पण तापाने फणफणलेल्या बाईशी तिच्या ओसरीवर बसून बोलता येणं ही त्यांची फार मोठी ताकद आहे.

पैशाचं स्पष्ट बोलूया. २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि त्यापुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. हाती यायला काही वेळा महिने लागतात, म्हणून थोडी गंगाजळी हवी. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, पुढे पोस्टडॉक दोन ते चार वर्षं. म्हणजे स्थिर नोकरी तिशीच्या मध्यात. प्रकल्पांवरच्या बऱ्याच नेमणुका कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की संपतात. कायम जागांमध्ये आयसीएमआरमधलं सायंटिस्ट-बी पद, वैद्यकीय महाविद्यालयांतली अध्यापकपदं, आणि लस व निदानकिट बनवणाऱ्या कंपन्यांतल्या नोकऱ्या येतात. पुणे हे या कंपन्यांचं मोठं केंद्र आहे. स्वतःचा गट उभारायचा असेल तेव्हा डीबीटी आणि वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स फेलोशिप बघा. तिथे डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांसाठी वेगळा विभाग आहे. घरची जबाबदारी लगेच अंगावर असेल, तर एम.एस्सी.नंतर दोन-तीन वर्षं कंपनीत किंवा व्हीआरडीएलमध्ये काम करून मग पीएच.डी.कडे वळण्यात काहीच कमीपणा नाही. उलट अशा लोकांचा हात अधिक तयार असतो.

काळाचा हिशेब मात्र वेगळाच धरावा लागतो. १९८५ च्या सुमारास दिल्लीत नवजात बाळांमध्ये सापडलेल्या रोटाव्हायरसच्या ११६-ई या प्रकारापासून रोटाव्हॅक ही लस झाली. राष्ट्रीय लसीकरणात ती २०१६ मध्ये आली. मध्ये तीस वर्षं गेली. कधी इतक्या वर्षांनंतर हाती नकार येतो. तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजीची चाचणी सुरू झाली. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर कळलं, की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस तिथे संरक्षण देत नाही. ते काम वाया गेलं नाही. खोटा भरवसा संपला, आणि नव्या लशीची गरज का आहे हे जगाला कळलं. त्याच राज्यात १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं होतं, की क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवण्याची गरज नाही, नीट औषधं घेतली तर तो घरीही तितकाच बरा होतो आणि घरच्यांना जास्त धोकाही नसतो. लाखो कुटुंबांची फरफट त्या एका निष्कर्षाने वाचली. माकडतापाचंच बघा : कर्नाटकात अनेक वर्षं वापरलेल्या जुन्या लशीचं संरक्षण अपुरं ठरलं, तिचा वापर थांबला, आणि नव्या लशीचं काम चालू आहे. १९५७ ला सुरू झालेलं काम अजून पूर्ण झालेलं नाही. आज बारावीत असलेल्या एखाद्या मुलीच्या वाट्याला त्यातला पुढचा भाग येऊ शकतो.

बारावीत असाल तर जीवशास्त्रासोबत गणित सोडू नका. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असाल तर उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी डिसेंबरमध्येच पाच-सहा प्रयोगशाळांना पत्र पाठवा. पत्रात ‘आपल्या नामांकित संस्थेत’ वगैरे नको. त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातलं काय कळलं नाही आणि तुम्हाला प्रत्यक्ष काय करता येतं, एवढं दहा ओळींत लिहा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. इंटर्नशिपमध्ये असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातली पोस्टिंग सह्यांपुरती उरकू नका. दर आठवड्याला तिथून जाणारा साथरोग सर्वेक्षणाचा अहवाल कोण भरतं, ‘ताप’ या रकान्यातले आकडे कुठून येतात आणि कोणते रुग्ण त्यात कधीच येत नाहीत, हे त्या माणसाशेजारी बसून बघा. तुमच्या पहिल्या शोधनिबंधाचा विषय बहुधा तिथेच मिळेल.